घरी गॅस आहे, मग धूर कुठून आला?

प्रश्न : माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. आम्ही कसबा पेठेत एका जुन्या वाड्यात तळमजल्यावर दोन खोल्यांत राहतो. पावसाळ्यापासून तिची सर्दी-खोकला सुटतच नव्हता आणि दिवाळीनंतर न्यूमोनिया झाला म्हणून चार दिवस ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, “घरात धूर होतो का?” मी पटकन म्हणाले, “नाही, आमच्याकडे गॅस आहे.” घरी आल्यावर मात्र एकेक गोष्ट दिसायला लागली. आंघोळीचं पाणी चौकातल्या बंबात तापतं. आमचा एक आणि शेजारच्यांचे दोन. सासूबाई मुलीला न्हाऊ घातल्यावर अजून शेगडीची धुरी देतात. तिन्हीसांजेला ऊद, रात्री डासांची कॉइल. मिस्टर सिगारेट ओढतात, पण बाहेर जाऊन. धुरीबद्दल बोलायला गेले तर सासूबाई म्हणाल्या, “माझी तीन पोरं याच धुरीवर खुटखुटीत झाली.” त्यांना दुखवायचं नाही, माझ्या बाळंतपणात सगळं त्यांनीच केलं. त्यांनाही सकाळी उठल्यावर खोकला असतो, पण त्या कधी दाखवत नाहीत. धुराने खरंच न्यूमोनिया होतो का? की माझंच काही चुकलं? आणि आता काय काय बंद करू? — एक आई, कसबा पेठ

उत्तर : आधी तुमच्या मनातल्या टोचणीबद्दल. तुमच्यामुळे मुलगी आजारी पडली असं मुळीच नाही. न्यूमोनिया जंतूंमुळे होतो. कधी न्यूमोकॉकससारखे जीवाणू असतात, कधी आरएसव्ही किंवा फ्लूचे विषाणू. थंडीच्या दिवसांत, माणसांनी भरलेल्या घरात हे जंतू कोणाकडूनही येतात आणि कितीही जपलं तरी येतात. धूर न्यूमोनियाचे जंतू आणत नाही, पण आलेल्या जंतूंना आत मुक्काम करणं सोपं करून देतो.

ते कसं, हे समजून घेतलंत तर पुढचं सगळं घरात समजावून सांगायला सोपं जाईल. श्वासनलिकांना आतून केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते अखंड हलत असतात आणि कफात अडकलेले जंतू वर घशाकडे ढकलत राहतात. धुराच्या माऱ्याने त्यांची हालचाल मंदावते. फुप्फुसाच्या अगदी आत जंतू गिळणाऱ्या पेशी असतात, त्या काजळीचे कण गिळण्यातच अडकतात आणि जंतूंपुढे कमी पडतात. त्यात बाळ मोठ्या माणसापेक्षा दुपटीहून अधिक वेगाने श्वास घेतं. म्हणजे एकाच खोलीत तुम्ही दोघी बसलात तरी वजनाच्या मानाने तिच्या छातीत जास्त धूर जातो. तिच्या श्वासनलिका इतक्या अरुंद की जराशी सूज आली तरी वाट निम्मी बंद होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार घरातल्या धुरात राहणाऱ्या लहान मुलांना न्यूमोनियासारख्या आजारांचा धोका जवळजवळ दुप्पट असतो, आणि २०२० या एका वर्षात जगभरात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक मुलं घरातल्या दूषित हवेमुळे दगावली. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता.

फक्त तो प्रश्न असा विचारला की पुण्यातली दहातली नऊ घरं तुमच्यासारखंच उत्तर देतात. धूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावाकडची चूल येते. ती गेली, सिलिंडर आला, विषय संपला. मला विचाराल तर डॉक्टरांनी ‘घरात आणि दारात काय काय जळतं?’ असं विचारायला हवं. तुम्ही घरी येऊन स्वतःलाच ते विचारलंत. तुमच्या पत्रात बंब, शेगडी, ऊद, कॉइल आणि सिगारेट अशा पाच गोष्टी आल्या आहेत. सगळ्यांचं वजन सारखं नाही, म्हणून जिथे जास्त धूर आहे तिथून सुरुवात करू.

बंबापासूनच. तांब्याच्या बंबाबद्दल जुन्या पुण्याला जिव्हाळा आहे आणि लाकूड फुकट मिळत असेल तर तो परवडतोही. पण तो पेटतो कधी? पहाटे, हवा सगळ्यात गार असते तेव्हा. थंडीत रात्रभर जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वरच्या उबदार हवेखाली कोंडून राहते. धूर वर जायला वाटच मिळत नाही. त्यात वाड्याच्या चौकाला चारही बाजूंनी भिंती. तीन बंबांचा धूर मग तळमजल्याच्या उघड्या दारांतून आत येतो, आणि त्या दाराच्या आत तुमची मुलगी झोपलेली असते. एक करून बघा. सगळे बंब विझल्यावर चौकातल्या दोरीवरचं तिचं दुपटं हातात घेऊन हुंगा. त्याला धुराचा वास येत असेल तर तीच हवा ती तासभर आत घेत होती.

जळतं काय, हेही बघा. सुकं बाभळीचं लाकूड वेगळं आणि मोडक्या कपाटाचं प्लायवूड, रंग दिलेल्या खिडकीच्या फळ्या, पुठ्ठे, पेटवण म्हणून दुधाची पिशवी हे वेगळं. प्लायवूडमधला डिंक, रंग आणि प्लास्टिक जळून निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा कितीतरी विषारी. आणि जाळ चांगला धरलेला असताना जेवढा धूर होत नाही, तेवढा पेटवताना आणि विझताना धुमसताना होतो.

तुमच्या घरचा बंब बंद करा, असं मी स्पष्टच सांगते. खर्चाचा हिशेब घरात निघेल, म्हणून तोही देते. १५ लिटरची एक बादली २० अंशांनी तापवायला झाकण ठेवून गॅसवर साधारण ५० ग्रॅम गॅस लागतो. चार बादल्या रोज धरल्या तर १४.२ किलोचा एक सिलिंडर फक्त आंघोळीवर दोन महिन्यांहून जास्त चालेल. विजेवर तापवलं तर एका युनिटमध्ये जवळपास तीन बादल्या होतात. बाळाला तर बादलीभर पाणी लागतही नाही.

पण धूर घालवताना दुसरं संकट घरात आणू नका. रॉड बादलीत असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही, आधी प्लग काढायचा, आणि रांगणारं मूल त्या खोलीत नको. गॅस गिझर घ्यायचं ठरलं तर तो बाथरूमच्या आत लावू नका, बाहेर मोकळ्या हवेत लावा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध होऊन पडेपर्यंत कळत नाही.

शेजारच्यांचे दोन बंब राहतातच. तिथे तक्रारीच्या सुरात जाऊ नका. मुलगी दवाखान्यात होती हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक असणार. डॉक्टर काय म्हणाले ते सांगा आणि दोनच गोष्टी मागा : प्लास्टिक आणि रंगाचं लाकूड जाळू नका, आणि जमलं तर बंब मागच्या अंगणात न्या. त्यांच्याही घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतीलच. तोवर बंब पेटलेले असताना चौकाकडची दारं-खिडक्या लावून घ्या आणि धूर विरला की सगळी सताड उघडा. दिवसभर घर बंद ठेवणं हा उपाय नाही.

आता धुरी. हा विषय तुम्हाला सगळ्यात अवघड वाटतोय आणि मला तो नाजूक वाटतो, कारण त्यात माया आहे. मालिश, ऊन पाणी, मग शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, ऊद टाकून त्यावर बाळाला धरायचं. ओल्या भिंतींच्या, कोंदट घरांत बाळाचं अंग आणि जावळ कोरडं व्हावं, ऊब मिळावी, म्हणून बायकांनी हे पिढ्यान् पिढ्या केलं. हेतू चांगलाच होता. पण त्या क्षणी बाळाचं नाक निखाऱ्यापासून हातभर अंतरावर असतं. दिवसभरात दुसऱ्या कोणत्याही धुराच्या ती इतकी जवळ जात नाही. शिवाय धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि बाळ गारठू नये म्हणून आपण नेमकी दारं-खिडक्या लावलेली असतात. भाजण्याची भीती वेगळीच.

म्हणून धुरी थांबवा, बाकीचं सगळं राहू द्या. मालिश सासूबाईंनीच करावी, त्यांच्या हातासारखा हात तुम्हाला इतक्यात यायचा नाही. पाणी कोमट, अंग मऊ पंचाने टिपून लगेच कोरडं, टोपडं, दुपट्यात घट्ट गुंडाळणं, आणि नंतर बंब विझल्यावरच्या कोवळ्या उन्हात दहा मिनिटं मांडीवर. ऊबही मिळते, कोरडेपणाही. धुरी बंद झाली म्हणून कोणी कापूर हुंगवायला किंवा छातीला बाम चोळायला सांगितलं तर ते मात्र ऐकू नका. दोन वर्षांखालच्या मुलांना ते अपायकारक ठरू शकतं.

सासूबाईंची तीन मुलं धुरीवर मोठी झाली, हे खरंच आहे. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. पण तुमच्या मनाच्या समाधानासाठी एक आकडा सांगते. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजारातली १२९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. २०२० साली हे प्रमाण २८ वर आलं. ज्या घरांतली वाचली नाहीत, त्या घरांतल्या आजी ‘आमची पोरं बघा’ असं सांगायला येत नाहीत. हा आकडा सासूबाईंच्या तोंडावर फेकण्यासाठी अजिबात नाही. त्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी एखादं मूल गमावलेलं असतं आणि त्याबद्दल घरात कोणी कधी बोललेलं नसतं.

त्याऐवजी त्यांच्या खोकल्यापासून सुरुवात करा. तुम्ही तो पत्रात एका ओळीत लिहिलात, पण मला तो महत्त्वाचा वाटला. जन्मात कधी विडी-सिगारेट न ओढलेल्या, पण चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांना दम्यासारखा दिसणारा फुप्फुसाचा आजार होतो. त्याला सीओपीडी म्हणतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर मोठा लेख लिहून याकडे जगाचं लक्ष वेधलं होतं. सासूबाईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या, स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत फुंकायची साधी तपासणी असते. “आई, धूर तुम्हालाही बाधतोय, आपण दोघींसाठी बंद करू,” असं सुनेने म्हटलं तर त्यात आरोप राहत नाही, काळजी राहते. आणि मुलीच्या पुढच्या तपासणीला त्यांनाच बरोबर घेऊन जा. जे तुम्ही सांगितलं तर उलट उत्तर वाटेल, तेच डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघून, त्यांना ‘आजी’ म्हणत सांगितलं की पटतं. धुरी बंद झाल्यावर न्हाऊ-माखू घालण्याचा मान त्यांचाच राहील, हे तुम्ही स्वतः बोलून दाखवा.

कॉइल आजपासून बंद. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक कॉइल पूर्ण जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, आणि ती आपण दारं लावून रात्रभर उशाशी ठेवतो. पण पुण्यात डेंगी आहे, डासांना मोकळं रान देऊन चालणार नाही. खिडक्यांना जाळी बसवा, मुलीला मच्छरदाणीत झोपवा, आणि दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी हवी, कारण डेंगीचा डास दिवसा चावतो. वाड्यातले पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करा. उदाचं म्हणाल तर देवापुढे निरांजन लावा. ऊद आणि धूप मुलगी मोठी होईपर्यंत बंद ठेवा. उदबत्ती लावायचीच असेल तर एक, खिडकीपाशी, मुलगी दुसऱ्या खोलीत असताना.

मिस्टर बाहेर जाऊन ओढतात ही त्यांची काळजीच आहे, पण पुरेशी नाही. आत आल्यावरही थोडा वेळ श्वासातून धूर निघत असतो, शर्टाला आणि बोटांना तो चिकटलेला असतो, आणि वाड्यात ‘बाहेर’ म्हणजे बहुतेक वेळा तोच चौक. मुलीला घेण्याआधी शर्ट बदलणं आणि हात-तोंड धुणं ही निदान मधली वाट. खरी वाट सोडण्याची. १८०० ११ २३५६ हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. हे पत्र आणि उत्तर त्यांनाही वाचायला द्या. दवाखान्यातले ते चार दिवस त्यांनाही जड गेले असतील.

स्वयंपाकाच्या गॅसवरही एक वाक्य : मिरचीची फोडणी, तळण चालू असताना मुलगी कडेवर नको आणि खिडकी उघडी हवी.

एवढं सगळं केलं की न्यूमोनिया पुन्हा होणारच नाही का? असं वचन मी देऊ शकत नाही आणि कोणी दिलं तर विश्वास ठेवू नका. ग्वाटेमालात चुलीला धुरांडं बसवून केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली आले. एकूण न्यूमोनिया ठामपणे म्हणता येईल इतका कमी झाला नाही, पण गंभीर न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने घटला. पुढे भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा अशा चार देशांत सुमारे ३,२०० गर्भवतींना घेऊन ‘हॅपिन’ नावाची चाचणी झाली. आपल्याकडे ती तमिळनाडूत होती. निम्म्या घरांना गॅस आणि शेगडी दिली. २०२४ साली निकाल आला : धूर बराच कमी झाला, पण वर्षाच्या आतल्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियात म्हणावा असा फरक दिसला नाही. धूर निरुपद्रवी आहे असा अर्थ मी यातून काढत नाही. पण नुसता गॅस आला म्हणून बाळ सुरक्षित, या समजुतीला यात आधार नाही. धूर कमी करण्याच्या जोडीला अंगावरचं दूध, वरचा पौष्टिक आहार, लसी आणि वेळेवर ओळखलेला आजार, हे सगळं लागतं.

आजार वेळेवर ओळखायला घड्याळ पुरतं. तिला खोकला असेल तेव्हा, ती शांत किंवा झोपलेली असताना झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. सेकंदकाटा बघत पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो. रडताना किंवा पिताना मोजलेलं धरू नका. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पहिला वाढदिवस झाला की हीच मर्यादा ४० धरायची. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ती दूध ओढत नसेल, सगळं उलटून टाकत असेल, झटका आला किंवा हाक मारून जागी होत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून थेट मोठ्या दवाखान्यात जा. हे मोजणं सासूबाईंना आणि मिस्टरांनाही शिकवा. दोघांनी वेगवेगळं मोजून आकडा जुळतो का बघा, म्हणजे रात्री दोन वाजता मनात शंका राहत नाही. आपल्या मनाने खोकल्याचं औषध किंवा मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका.

शेवटी तिचं लसीकरणाचं कार्ड काढा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात त्या पेंटाव्हॅलंट या एकत्रित लसीत हिबची, म्हणजे न्यूमोनियाच्याच आणखी एका जीवाणूवरची, लस असते. न्यूमोकॉकसवरची पीसीव्ही दीड आणि साडेतीन महिन्यांना, आणि तिसरा डोस नऊ महिन्यांना. गोवर-रुबेलाचा पहिला डोसही नऊ महिन्यांचाच. दिवाळीनंतरच्या आजारपणात आणि धावपळीत हे नऊ महिन्यांचे डोस राहून गेले असण्याची मला शंका आहे. राहिले असतील तर डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात घ्या. महापालिकेच्या दवाखान्यात ते मोफत मिळतात.